ग्रॅच्युइटीच्या जावईबापूंना

श्री. रिलेशनशिप मॅनेजर साहेब,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बँकेचं नाही आणि त्या विमा कंपनीचंही नाही. नावं घ्यायला बसले तर भिलाईच्या सेक्टर एकपासून दहापर्यंत आणि पुढे रिसाली, मरोदा, नेहरूनगर धरून तुमचे इतके सख्खे-चुलत भाऊ निघतील की पत्राची वंशावळ होईल. आमच्या घरात तुम्हाला एकच नाव आहे, जावईबापू. मुलगी आम्हाला नाही. एकुलता एक मुलगा, तो पुण्याला. पण यांची ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली आणि आठवड्याच्या आत तिला स्थळ सांगून आलं. मुलगा बँकेत, बोलायला गोड, मराठी, बुटांना पॉलिश. पत्रिका बघतंय कोण?

तेव्हापासून तुमचा मान ठरलेला आहे. अधिक महिना बिचारा तीन वर्षांनी एकदा येतो आणि खरा जावई तेहतीस अनारशांवर खूश होऊन घरी जातो. तुमचं वाण दर डिसेंबरला, पाच लाख रुपये, दहा वर्षं. आणि हे आम्हाला कळलं दुसऱ्या डिसेंबरात, हप्त्याची नोटीस आली तेव्हा. पहिल्या डिसेंबरात तुम्ही आमच्या सोफ्यावर बसून "काका, एकदाच भरायचे, मग निवांत" असं म्हणाला होतात. निवांत कोण, हे विचारायचं राहून गेलं.

तुमच्या वेळ साधण्याचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. हे भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमधून 30 नोव्हेंबर 2024 ला निवृत्त झाले. प्लांटमध्ये सगळे महिन्याच्या शेवटच्या तारखेलाच निवृत्त होतात, त्यामुळे महिनाअखेरीस भिलाईत शाल आणि नारळांचा भाव चढत असावा. यांनाही शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फोटो झाला, "आप के बिना डिपार्टमेंट सूना हो जाएगा" हे भाषण झालं. डिपार्टमेंट काही सुनं झालं नाही. सोमवारी रूळ नेहमीसारखे निघाले. मग नो ड्यूजच्या सह्या, क्वार्टर सोडायची तारीख, पीएफ, रजेचे पैसे आणि शेवटी ग्रॅच्युइटी. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, यांनी चष्मा शोधला, मेसेज उघडला, तोवर तुमचा फोन वाजलासुद्धा. "काका, अभिनंदन!" आमच्या पोटच्या पोराला वडिलांच्या निवृत्तीची तारीख त्याच्या बायकोने आठवून द्यावी लागली. तुम्हाला रक्कम पैशांसकट पाठ होती. एवढी आपुलकी आजकाल नात्यात उरलेली नाही.

आणि योगायोग पाहा. त्याच नोव्हेंबरात केंद्रीय अर्थमंत्री मुंबईत बँकवाल्यांच्या कार्यक्रमात, बँकांनी ग्राहकांच्या गळ्यात चुकीचा विमा मारू नये, म्हणून कान उपटत होत्या. त्यांचा आवाज भिलाईपर्यंत पोहोचायला आझाद हिंद एक्सप्रेसपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही सिव्हिक सेंटरहून पेढे घेऊन आलात आणि दारातूनच मराठी बोलू लागलात. अर्धं काम तिथेच झालं. पुण्या-मुंबईच्या माणसाला यातली मेख कळायची नाही. आमचा दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, म्हणजे या मुलखात मराठी घरं आधीपासून होतीच. मग फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर, भंडारा, गोंदियाकडची पोरं ट्रंका घेऊन इथे उतरली. माझे सासरे त्यांतले. हे त्यांचे चिरंजीव, जन्म भिलाईचा, नोकरी भिलाईची. मी नागपूरच्या महालातली, लग्न होऊन इथे आले. आमच्याकडे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुणी अनोळखी माणूस दारात उभा राहून "काकू, अळूवडीचा वास येतोय" असं म्हणत नाही. तुम्ही म्हणालात. अळूवडी मी तुम्हाला वाढली. तिचा हिशेब मी धरलेला नाही, याची नोंद घ्यावी.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते आमच्यापैकी कुणीच केलेलं नव्हतं. तुम्ही यांना विचारलंत, "काका, तो रूळ नेमका तयार कसा होतो?"

जावईबापू, या घरात हा प्रश्न कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. मुलाला लहानपणी ती गोष्ट पाठ होती, मोठेपणी तो ती अर्ध्यातच तोडायचा. मी तर ती स्वयंपाक करताना ऐकत आले, म्हणजे ऐकलीच नाही. तुम्ही दीड तास ऐकलीत. तापून लालभडक झालेला ब्लूम रोलमधून पुढे-मागे कसा जातो, प्रत्येक फेरीला त्याचं अंग कसं बारीक होत जातं, नुसत्या रंगावरून त्याची उष्णता कशी ओळखायची, पूर्वी तेरा मीटरचे तुकडे निघायचे आणि आता नव्या मिलमध्ये 130 मीटरचा अखंड रूळ निघतो, दोन जोडून 260 मीटरचा पॅनेल गाडीवर चढतो, वळणावर तो गाडीबरोबर वाकतो तेव्हा बघणाऱ्याचा जीव कसा वर-खाली होतो. मध्येच तुम्ही "अरे बापरे" म्हणालात. दोन वेळा म्हणालात. नवविधा भक्तींत श्रवणभक्ती पहिली सांगितली आहे, पण तिचा इतका रोकड प्रसाद मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तुम्हाला वाटत असेल की आम्ही व्याजाच्या लोभाने फसलो. तसं वाटून घेऊ नका, त्यात तुमच्या कसबाचा अपमान आहे. लोभी माणूस तुम्हाला दहा प्रश्न विचारतो, टक्के विचारतो, शेजारच्या बँकेशी ताडून बघतो. यांनी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. कारण पहाटे साडेचारला उठून पहिल्या पाळीला निघायची सवय असलेला माणूस त्या डिसेंबरात साडेचारला उठून व्हरांड्यात बसत होता आणि उजाडायची वाट बघत होता. सहाला मुर्गा चौकाकडून स्कूटर जाताना ऐकायच्या, दोनला परत येताना ऐकायच्या. मधले आठ तास कुणाचा फोन नाही. मिलमध्ये चाळीस माणसं ज्याला विचारल्याशिवाय पाना उचलत नव्हती, त्याला घरात मी विचारत होते, "दुधी आणू का दोडका?" आणि त्यावरही त्याचं मत मी मोडीत काढत होते. त्या घरात तुम्ही आलात आणि म्हणालात, "काका, तुमच्या अनुभवाचा आम्हाला उपयोग व्हायला हवा." उपयोग झाला. तुमचं डिसेंबरचं टार्गेट पूर्ण झालं.

आता थोडं आमच्या अडाणीपणाबद्दल, म्हणजे तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकांसाठी तुम्हाला कामाला येईल. भिलाईचा माणूस लोखंडात हुशार आणि पैशात बाळ असतो, आणि याचं कारण ही टाऊनशिपच. कंपनीने घर दिलं, वीज-पाणी दिलं, शाळा दिली, सेक्टर 9 चं हॉस्पिटल दिलं, रविवारी पोरांना पांढरा वाघ दाखवायला मैत्री बाग दिली. नळ गळला तर तक्रार लिहायची. भाडं पगारातूनच कापलं जायचं आणि ते इतकं थोडं की पगाराच्या चिठ्ठीत शोधावं लागायचं. इतकी वर्षं घरमालक, घरपट्टी, डिपॉझिट हे शब्द आमच्या तोंडी नव्हते. शेजारी ज्या ग्रेडचा, तो त्या क्वार्टरमध्ये, त्यामुळे कुणाकडे किती याचीही चर्चा नाही. पीएफ कापणारे कंपनीचे, सांभाळणारे ट्रस्टचे, आणि आम्ही कर्ज काढतानाच तेवढं त्याचं तोंड बघणारे. एकेकाळी पन्नास हजारांहून जास्त माणसं या प्लांटच्या पटावर होती, आता तिसरा हिस्साही नाहीत. पण जे उरले तेही साठाव्या वर्षापर्यंत असेच सांभाळलेले. आणि साठाव्या वर्षी एका महिन्यात त्यांच्या हातात जन्मभराची रक्कम येते, क्वार्टर जातं, आणि पद्मनाभपूरला की स्मृतीनगरला, बांधलेलं की फ्लॅट, भाड्याने की विकत, हे सगळं एकदम ठरवायला लागतं. निवृत्तीच्या आधी शिबिरं होतात. त्यांत फॉर्म भरायला शिकवतात. फॉर्म भरून झाल्यावरचा मंगळवार कसा भरायचा, ते शिकवायला तुम्ही येता.

नातेवाइकांना तर वाटतं, सरकारी कारखाना, पेन्शन असणारच भरघोस. माझ्या माहेरी आजही तसंच समजतात, आणि मीही ते खोडून काढत नाही. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही यांचं पासबुक माझ्याआधी वाचलंत. ईपीएस ही पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली. तिचं गणित असं की पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पण हा पेन्शनपात्र पगार म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्याला कुंपण आहे, पूर्वी साडेसहा हजारांचं, सप्टेंबर 2014 पासून पंधरा हजारांचं, आणि जुन्या वर्षांना जुनंच कुंपण लागू. शिवाय ही पेन्शन अठ्ठावन्नालाच सुरू होते, माणूस कामावर असतानाच, त्यामुळे साठीला नवीन काही हाती येत नाही. सगळा भागाकार करून यांच्या वाट्याला महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास येतात. किमान पेन्शन तर 2014 पासून हजार रुपयेच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा वाढीव पेन्शनच्या आशेने सगळ्या सेक्टरांतली माणसं फायली घेऊन धावली. ती वेगळी लढाई, तिच्यासाठी वेगळं पत्र लिहीन, वेगळ्या जावयाला.

म्हणजे जी काही रक्कम हाती होती, तीच पेन्शन होती. तिच्यातूनच महिन्याचं दूध, दरवर्षीचं मेडिक्लेमचं नूतनीकरण आणि उरलं तर आझाद हिंदचं पुण्याचं तिकीट. काही भाग मुलाच्या हिंजवडीच्या फ्लॅटला गेला होता. तो त्याने मागितला नव्हता. यांनी स्वतःच "नाहीतरी तुझंच आहे" म्हणत दिला होता. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात हे वाक्य उच्चारायला कायद्याने बंदी हवी, पण त्याचा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. उरलेल्यात तुम्ही आलात.

आता तुमच्या त्या फॉर्मकडे वळते. तो मी नंतर, फार नंतर, भिंग लावून वाचला. त्यात यांचा व्यवसाय 'कन्सल्टन्सी' लिहिला आहे आणि वार्षिक उत्पन्न बारा लाख. जावईबापू, डोळे भरून आले. निवृत्त होऊन पंधरवडा झाला नव्हता आणि तुम्ही यांना नोकरीला लावलंत, तेही दुप्पट रुबाबात. साडेचार हजार पेन्शनवाल्या माणसाला वर्षाला पाच लाखांचा हप्ता कुठलीही कंपनी मंजूर करत नाही, म्हणून तुम्ही आधी त्याचं उत्पन्न वाढवलंत. याला म्हणतात सेवा. हप्ते संपतील तेव्हा हे सत्तरीचे असतील. साठीच्या पुढच्या माणसाचा विमा महाग पडतो आणि त्याचे पैसे त्या पाच लाखांतूनच आधी कापले जातात, हे छोट्या अक्षरात होतं. मोठ्या अक्षरात माझं नाव होतं. मी नॉमिनी. सही होत असताना मी आत तुमच्यासाठी चहा करत होते. साखर कमी, तुम्हीच सांगितलं होतं.

मग कंपनीकडून पडताळणीचा फोन येणार होता. त्याआधी तुमचा आला. "काका, एक फोन येईल. ते काय काय विचारतील. सगळ्याला हो म्हणायचं, नाहीतर प्रोसेस अडकते." यांनी सगळ्याला हो म्हटलं. दहा वर्षं हप्ता भरायचा, समजलं का? हो. परताव्याची हमी नाही, समजलं का? हो. वार्षिक उत्पन्न बारा लाख, बरोबर? हो. लग्नात अंतरपाट धरल्यावर नवरदेवही इतका आज्ञाधारक नसतो. ते रेकॉर्डिंग आजही कंपनीकडे सुरक्षित आहे. आमचे पैसे तितके सुरक्षित असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत पटली नाही तर ती परत करता येते. पूर्वी बहुतेकांना पंधराच दिवस मिळायचे, 2024 पासून तीस केले. कागद आला खरा, पण तुम्ही तो आमच्या हाती राहू दिला नाहीत. "काका, शिफ्टिंगमध्ये हरवेल, मी नीट फाईल लावून देतो." क्वार्टर सोडायची घाई होती, खोक्यांवर खोकी रचलेली. फाईल मिळाली फेब्रुवारीत, छान निळी, वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा. तीस दिवस त्याच्या आधीच शुभेच्छा देऊन निघून गेले होते.

मला अजून एक कौतुक करायचं आहे, ते तुमच्या स्मरणशक्तीचं. तुम्हाला सतराशे साठ योजना तोंडपाठ होत्या, पण पोस्टातली आणि तुमच्या स्वतःच्याच बँकेत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना तेवढी आठवली नाही. 2004 पासून आहे. एप्रिल 2023 मध्ये तिची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख केली आणि व्याज 8.2 टक्के. तीस लाखांना तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पाच वर्षांची मुदत, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. महागाईपुढे ती जन्मभर पुरेल असं मी म्हणत नाही. थोडा पैसा वाढत्या ठिकाणीही असावा, एवढं मलाही कळतं. पण घर चालतं. मग तुम्हाला ती का आठवली नाही? मी वाचत गेले तेव्हा सापडलं. डिसेंबर 2011 पासून त्या योजनेवर एजंटाला कमिशनच मिळत नाही. एका पैशाचं नाही. ज्या झाडाला फळ नाही त्याची सावली तुम्ही का दाखवावी?

आणि 'एकदाच भरायचे' असं म्हणून तुम्ही दहा हप्त्यांची पॉलिसी का दिलीत, खरोखर एकाच हप्त्याची का नाही, तेही त्याच वाचनात उलगडलं. 2016 च्या नियमांत एकरकमी पॉलिसीवर कमिशन दोन टक्के होतं आणि दहा वर्षं हप्ते भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी तीस टक्क्यांपर्यंत. 2023 मध्ये ही वेगवेगळी मर्यादाच काढून टाकली, कंपनीने एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून काय द्यायचं ते द्यावं असं ठरलं. म्हणजे यांच्या तोंडच्या "हो"ची किंमत दोन टक्क्यांवरून किती पट होते, त्याचा हिशेब तुमच्याकडे असेलच. ते सगळं तुमच्या खिशात जात नाही, हे मला मान्य आहे. कमिशन बँकेचं, तुमच्या वाट्याला टार्गेट, सोमवारची मीटिंग, वरच्या साहेबांची शिवी आणि झालंच तर एखादी गोव्याची सहल. तुमचे वडीलही कुठल्यातरी कारखान्यातून असेच शाल घेऊन बाहेर पडले असतील. त्यांच्या ग्रॅच्युइटीला तुम्ही काय सुचवलंत, हे मात्र मला कधीतरी ऐकायचं आहे. चहा मी करीन.

तुमचे पूर्वज आठवतात मला. सुपेल्याच्या बाजारात दुकानादुकानांतून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करणारे सहाराचे एजंट. न पाहिलेल्या जमिनीचे कागद देणारे पर्ल्सवाले, ज्यांना सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी परत करायला सांगितले. सहाराला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये तेच फर्मावलं, आणि सहकारी सोसायट्यांतल्या पैशांसाठीचं पोर्टल उघडलं जुलै 2023 मध्ये. मधली अकरा वर्षं लोक पिवळी पडलेली प्रमाणपत्रं ट्रंकेत ठेवून बसले होते. आमच्या शेजारणीची तर ट्रंक गेली, प्रमाणपत्र राहिलं. पण ती जुन्या वळणाची माणसं. पळून जायची, ऑफिसला कुलूप लागायचं, पोरं दगड मारायची, पेपरात यायचं. तुमचं तसं नाही. तुमच्या गळ्यात ओळखपत्र आहे, मागे नियामक आहे, पावती छापील आहे, आणि तुम्ही कुठेही पळालेले नाही. दहा ते चार शाखेत बसता. लुबाडणुकीतली ही प्रगती पाहून आपला देश कुठल्या कुठे गेला याची खात्री पटते.

दुसरा हप्ता आम्ही भरला नाही. आता तुमची तिजोरी किती हलली ते जाऊ दे, आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते, कारण तुमच्या फाईलीत त्याला रकाना नाही. यांनी बाहेर जाणं सोडलं. सेक्टर 10 च्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये जुन्या मिलवाल्यांचा एक कंपू बसतो, मोठमोठ्याने प्लांट चालवतो. हे तिकडे फिरकेनात. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण त्याहून खोल होती ती लाज. आयुष्यभर ज्याच्या सहीवर रूळ पास झाले, त्याने एका पोरसवद्या मुलाच्या सांगण्यावरून सही केली, हे कुणाला सांगणार? मुलाला सांगू दिलं नाही. मला म्हणाले, "कुणाकडे बोलायचं नाही." रात्री उठून ती निळी फाईल काढायचे, परत ठेवायचे. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही पैशावरून कधी बोललोच नव्हतो, तर भांडणार कुठल्या शब्दांत?

शेवटी मीच कॉफी हाऊसमध्ये गेले. भिलाईत म्हाताऱ्या पुरुषांच्या टेबलावर एकटी बाई जाऊन बसली की काय शांतता पसरते, ते तुम्ही बघायला हवं होतं. मी फाईल टेबलावर ठेवली. कुणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातल्या एकाने, फाउंड्रीतून निवृत्त झालेला, तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध, कॉफी संपवली आणि म्हणाला, "हमारी वाली हरी है।" दुसऱ्याची लाल निघाली. तिसऱ्याने त्याच्या बायकोला आजवर सांगितलेलं नव्हतं, तो उठून बाहेरच गेला. रोज एका टेबलावर बसून, सगळे जण एकमेकांपासून तेच लपवत होते. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी रूळ, फर्नेस, कोक ओव्हन किंवा क्रेनची गोष्ट मन लावून ऐकून गेलं होतं. जावईबापू, तुम्ही लोक गोष्टी तरी वाटून घेता का, की ज्याला जी मिळेल ती?

त्या दिवसापासून मंडळी कामाला लागली आहेत. चार्जमन, फोरमन आणि एक निवृत्त हेडमास्तर अशी माणसं एकदा कागद वाचायला बसली की तुमच्या छोट्या अक्षरांचं काही खरं नाही. यांना तर नवीन शिफ्टच लागली आहे. सकाळी दहाला निघतात, जेवायला घरी येत नाहीत, आणि दुधी की दोडका यावर त्यांना आता मतच देता येत नाही इतके कामात असतात. कंपनीकडे पहिली तक्रार गेली. कंपनीने कळवलं की ग्राहकाने फोनवर सर्व अटी मान्य केल्या होत्या. हे अपेक्षितच होतं. महिनाभर वाट बघून किंवा असं उत्तर आल्यावर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, वकील लागत नाही. छत्तीसगढची प्रकरणं भोपाळला चालतात. सहा अर्ज तिकडे गेले आहेत, प्रत्येकासोबत 'कन्सल्टन्सी' आणि खऱ्या पेन्शनच्या कागदाची प्रत. फाईली मी लावून दिल्या. निळ्या नाहीत, साध्या खाकी.

शिवाय पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरची असल्यामुळे नव्या नियमाने पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत मिळते. जुन्या नियमांत एका वर्षात सोडली तर बहुतेकदा हाती भोपळा यायचा. तुमच्या सुदैवाने की दुर्दैवाने, तुम्ही जरा उशिरा आलात.

आणखी एक व्यवस्था झाली आहे, ती तुम्हाला आधी कळवलेली बरी. या महिन्याच्या शेवटच्या तारखेला आमच्या ओळखीचे तीन जण निवृत्त होतायत, एक कोक ओव्हनचा, दोन मर्चंट मिलचे. त्यांच्या घरी पेढे घेऊन मी आधी जाते आहे. पैशाचं मी काही सांगत नाही, मला काय कळतंय. मी फक्त त्यांच्या बायकोला बाहेर बोलावते, तिला खुर्चीत बसवते आणि दोघांसमोर पासबुक उघडायला लावते. आणि हे त्या घरातल्या माणसाला विचारतात, "तुमचं कोक ओव्हन कसं चालतं, सांगा बघू." यांना ते चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरी "अरे बापरे" म्हणतात.

तुम्हालाही यायचं असेल तर अवश्य या, जावयाला कोण अडवणार? येताना एकरकमी आणि हप्त्यांच्या पॉलिसीवरच्या कमिशनचा तक्ता तेवढा घेऊन या, मोठ्या अक्षरात.

कळावे, लोभ आहेच तो असू द्यावा.

तुमची,
नॉमिनी काकू

ता. क. भोपाळहून तुम्हाला एक फोन येईल. ते काय काय विचारतील. सगळ्याला हो म्हणायचं, नाहीतर प्रोसेस अडकते.